तेल बदलले की खारही बदलावा लागतो

गेल्या संक्रांतीच्या आधी आमच्या मंडळाच्या महिला विभागाने ठरवले, की यंदा हळदीकुंकवाला प्लास्टिकचे डबे आणि वाट्या वाण म्हणून द्यायच्या नाहीत. घरी केलेल्या साबणाची वडी द्यायची. कल्पना सर्वांना आवडली. कृतीही हाताशी होती. मंडळातल्या एका जुन्या कुटुंबाने आजीची वही जपून ठेवली आहे. या आजी १९३०च्या सुमारास लग्न होऊन रत्नागिरीकडून बडोद्याला आल्या. वहीत लोणची, पापड, बाळकाढे यांच्या मध्येच ‘अंगाचा साबण’ अशी नोंद आहे: खोबरेल १ शेर (८० तोळे), कॉस्टिक १४ तोळे, पाणी ३० तोळे. शेर गावोगाव बदलत असे, म्हणून कंसात तोळे लिहिण्याची खबरदारीही आजींनी घेतली होती. त्याच पानाच्या समासात वेगळ्या हाताने मोडीत दोन-तीन ओळी होत्या. आमच्यापैकी कोणालाच मोडी वाचता येत नाही. वाण्याचा हिशेब असेल असे समजून आम्ही पुढे गेलो.

खोबरेलाचा भाव ऐकल्यावर मात्र विचार बदलला. दीडशे वड्या करायच्या होत्या. कोणीतरी म्हणाले, आपण गुजरातेत राहतो, इथे शेंगदाण्याचे तेल मुबलक. खोबरेलाऐवजी तेच घेऊ. तेल ते तेलच. बाकी मापे वहीप्रमाणे ठेवली. साबण छान जमला, वड्या पडल्या, चार आठवडे मुरल्या. वाटण्यापूर्वी आमच्यातल्या दोघी-तिघींनी वापरून पाहिल्या, आणि तेवढेच आमचे नशीब. हात चरचरले, दुसऱ्या दिवशी बोटांची सालपटे निघाली. रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या एका सभासद बाईंनी वडीवर फिनॉल्फ्थॅलिनचा थेंब टाकला, तर तो गडद गुलाबी झाला. साबणात न वापरलेला कॉस्टिक शिल्लक होता. साऱ्या वड्या बाद कराव्या लागल्या आणि संक्रांतीला आम्ही पुन्हा वाट्याच वाटल्या.

चूक कुठे झाली ते शोधताना आम्ही साबणाच्या इतिहासात शिरलो. साबणात कोणत्या तेलाच्या जागी कोणते तेल घालावे, हा प्रश्न आमच्या मंडळापुरता नव्हता. राजाज्ञा, धर्मभावना, टंचाई आणि गिरणीमालकांचे हिशेब या सर्वांनी तो वेळोवेळी सोडवून पाहिला आहे. या स्मरणिकेच्या निमित्ताने ती हकीकत वाचकांपुढे ठेवावी, असे वाटले.

साबण म्हणजे तेल किंवा चरबी आणि तीव्र खार यांचा संयोग. आपल्याकडे अंग आणि कपडे स्वच्छ करायला त्याची फारशी गरज पडत नसे. शिकेकाई, रिठे, बेसन, उटणे, राख, खारी माती यांवर घर चाले. रिठ्याला फेस येतो तो त्यातल्या स्वतःच्या द्रव्यामुळे. त्याला ना तेल लागते ना खार. म्हणून रिठा साबणाचे काम करतो, पण तो साबण नव्हे. दिवाळीच्या पहाटे आधी अंगाला तेल लावायचे आणि मग उटण्याने ते काढायचे, ही रीतही साबणाआधीची.

तरीही साबण अगदीच परका नव्हता. ‘साबण’ हा शब्द अरबी ‘साबून’चा भाऊ आणि पोर्तुगीज शब्दही त्याच घराण्यातला, मूळ लॅटिनपर्यंत जाते. अबुल फजलच्या ‘आईन-इ-अकबरी’त वऱ्हाडातल्या लोणारचे वर्णन आहे. तिथल्या खाऱ्या सरोवराच्या परिसरात काच आणि साबण करण्यास लागणारी द्रव्ये मिळतात, असे त्यात नमूद आहे. आज उल्कापातामुळे झालेले विवर म्हणून आपण लोणार पाहायला जातो. चारशे वर्षांपूर्वी ते खाराची खाण म्हणूनही प्रसिद्ध होते. आमच्या बडोद्याजवळचे उदाहरण कपडवंजचे. इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटियरांत कपडवंजचे मुख्य उद्योग म्हणून साबण, काच आणि तुपाचे चामडी बुधले यांचा उल्लेख येतो. काच आणि साबण दोन्ही ठिकाणी जोडीने येतात, कारण दोन्हींना खार हवा. जिथे खार तिथे साबण, आणि तेल आसपास जे मिळेल ते, असा तो व्यवहार होता.

तेल बदलण्याला कायद्याने बंदी घालण्याचे प्रसिद्ध उदाहरण फ्रान्समधले आहे. दक्षिणेकडच्या मार्सेल बंदराभोवती ऑलिव्ह तेलाचा साबण होत असे आणि त्याला युरोपभर मागणी होती. मागणी वाढली तशी काही कारखानदारांनी दुसऱ्या स्निग्ध पदार्थांची मिसळ सुरू केली. १६८८ साली राजा चौदाव्या लुईच्या फर्मानाने ठरवून दिले, की तिथल्या साबणात ऑलिव्ह तेलाखेरीज चरबी, लोणी किंवा अन्य काही घालता कामा नये. घातल्यास माल जप्त. जून, जुलै, ऑगस्ट या उन्हाळी महिन्यांत कारखाने बंद ठेवावेत, असेही त्यात होते, कारण उष्ण हवेत साबण बिघडतो. पण फर्मानाने मागणी कमी होत नाही. एकोणिसाव्या शतकात आफ्रिकेतून आणि पूर्वेकडून पामतेल, खोबरेल, शेंगतेल जहाजांनी येऊ लागले आणि मार्सेलच्या कढयांतही ती तेले शिरली.

तोपर्यंत हा बदल हाताच्या अंदाजाने होई. कारागीर खाराचे पाणी थोडे थोडे घालत राही, जिभेच्या टोकाला लावून पाही, मीठ टाकून साबण वर काढी आणि जादा खार खाली सोडून देई. दोन गोष्टींनी हे बदलले. १७९१ साली निकोला लब्लाँ याने मिठापासून सोडा करण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले, त्यामुळे खार ठरावीक ताकदीचा आणि भरपूर मिळू लागला. दुसरी गोष्ट मिशेल शेव्हरल या रसायनशास्त्रज्ञाची. त्याने स्निग्ध पदार्थांवर बरीच वर्षे काम करून १८२३ साली ग्रंथ प्रसिद्ध केला. तेल म्हणजे ग्लिसरीन आणि मेदाम्ले यांची जोडणी, खार ती जोडणी तोडतो, आणि मेदाम्लाशी खाराचा संयोग होऊन साबण बनतो, हे त्याने दाखवले. मेदाम्ले वेगवेगळी असतात आणि प्रत्येक तेलात त्यांचे प्रमाण वेगळे असते.

आमच्या चुकीचे मूळ इथेच आहे. खोबरेलातले मुख्य मेदाम्ल लॉरिक, त्याची साखळी १२ कार्बनची. शेंगदाण्याच्या तेलात बहुतेक मेदाम्ले १८ कार्बनची. बाजारातून एक शेर बोरे आणि एक शेर पेरू आणले, तर बोरे संख्येने कितीतरी जास्त भरतात. प्रत्येक फळाला एक पुडी खार द्यायचा ठरला, तर बोरांच्या शेराला पुड्या जास्त लागणार. खोबरेल म्हणजे बोरे, शेंगतेल म्हणजे पेरू. १०० ग्रॅम तेलाचा पूर्ण साबण होण्यासाठी शुद्ध कॉस्टिक सोडा लागतो तो साधारण असा: खोबरेलाला १८.३ ग्रॅम, जनावराच्या चरबीला १४, सरकीच्या तेलाला १३.८, शेंगदाण्याच्या आणि मोहाच्या तेलाला १३.६, तिळाच्या तेलाला १३.४, एरंडेलाला १२.८.

आता आजींच्या वहीतले माप पाहा. ८० तोळे खोबरेलाला हिशेबाने सुमारे १४.६ तोळे कॉस्टिक लागतो. आजींनी १४ घातला. म्हणजे थोडे तेल मुद्दाम शिल्लक ठेवले, त्यामुळे साबण अंगाला मऊ लागतो. तेवढ्याच शेंगतेलाला मात्र जेमतेम ११ तोळे पुरतात. आम्ही १४ घातले. तीन तोळे कॉस्टिक प्रत्येक शेरामागे वाया गेला नाही, तो वडीत बसून राहिला. उलट कोणी शेंगतेलाची कृती घेऊन खोबरेल वापरले असते, तर खार कमी पडून वडी तेलकट झाली असती आणि पुढे खवट. लोणच्यात कैरी कमी आंबट निघाली, तर चव घेऊन मीठ बेताने घालता येते. इथे चव घेता येत नाही. वजनच करावे लागते.

खाराचा हिशेब जमला तरी काम संपत नाही, हे पुढच्या काळाने दाखवले. इंग्लंडमध्ये विल्यम लिव्हर याने १८८०च्या दशकात सनलाइट साबण काढला. तोवरचा बहुतेक इंग्रजी धुण्याचा साबण चरबीचा. लिव्हरने चरबी कमी केली. सनलाइटच्या एका प्रसिद्ध मिश्रणात सुमारे ४२ टक्के खोबऱ्याचे किंवा पामच्या गराचे तेल, २५ टक्के चरबी, २४ टक्के सरकीचे तेल आणि बाकी राळ होती. यातल्या प्रत्येकाला काम वाटून दिलेले होते. खोबरेलाने भरपूर आणि चटकन फेस येतो, खाऱ्या पाण्यातही तो टिकतो; पण नुसते खोबरेल घेतले तर त्वचा कोरडी पडते आणि वडी लवकर झिजते. चरबीने वडी कठीण होते आणि पुरवठ्याला येते. सरकी, तीळ, शेंगदाणा यांची पातळ तेले सौम्यपणा देतात, पण वडी मऊ आणि लिबलिबीत राहते. एरंडेलाने फेस घट्ट होतो, पण तेही बेताने. तेव्हा तेल बदलताना दोन प्रश्न विचारावे लागतात: खार किती लागेल, आणि काढलेल्या तेलाचे काम नवे तेल करील का?

सनलाइटची खोकी १८८८ साली कलकत्त्याच्या बंदरात उतरली. पुढे याच तेलांसाठी दुसरे गिऱ्हाईक उभे राहिले. युरोपात लोण्याऐवजी मार्गारीन हे कृत्रिम लोणी खपू लागले आणि त्यालाही पाम, खोबरे, शेंगदाणा हीच तेले हवी होती. १९०२ साली विल्हेल्म नॉर्मान याने पातळ तेलाला हायड्रोजन देऊन घट्ट करण्याचे पेटंट घेतल्यावर चरबीची जागा घेणे आणखी सोपे झाले. साबणवाले आणि मार्गारीनवाले एकाच बाजारात एकमेकांविरुद्ध भाव वाढवू लागले. शेवटी १९२९ साली लिव्हरची कंपनी आणि डच मार्गारीन कंपन्यांचा संघ एकत्र आले आणि युनिलिव्हर झाली. तेल ताटात जावे की मोरीत, हा प्रश्न तेव्हापासून उघड झाला.

आपल्याकडे या प्रश्नाआधी आणखी एक प्रश्न होता. चरबी कोणाची? या बाबतीत लोकांच्या भावना किती तीव्र आहेत, ते १८५७च्या काडतुसांनी साऱ्या हिंदुस्थानाला दाखवले होते. विलायती साबण घरात आला तरी पुष्कळ घरांत तो मोरीपलीकडे जात नसे. पूजेला बसण्यापूर्वीच्या स्नानाला तो चालत नसे. सोवळ्याच्या कपड्यांना रिठा लागे. स्वदेशीच्या चळवळीने देशी साबणाची हाक दिली, पण देशी साबणात चरबी असेल तर सोवळ्याचा प्रश्न तसाच राहतो. कुलुपे आणि तिजोऱ्यांसाठी नाव झालेल्या आर्देशीर गोदरेज यांनी १९१८च्या सुमारास केवळ वनस्पती तेलांचा साबण बाजारात आणला. चरबी काढून नुसते शेंगतेल घालून भागणार नव्हते. कठीणपणा, फेस आणि टिकाऊपणा ही तिन्ही कामे वनस्पतींच्याच तेलांकडून करून घ्यायची होती. हिंदू, जैन, मुसलमान अशा सर्वांना जो साबण निःशंकपणे वापरता येईल, तो या तेलबदलामुळे शक्य झाला.

आमच्या बडोद्यातही त्या काळी असल्या विद्येचे वातावरण होते. सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने १८९० साली कलाभवन सुरू झाले आणि प्राध्यापक त्रिभुवनदास गज्जर त्याचे पहिले प्रमुख होते. रंगकाम, यंत्रकाम, रसायनाचे उपयोग यांचे शिक्षण तिथे मिळे. दादासाहेब फाळके इथेच शिकून गेले, हे आपण अभिमानाने सांगतो. संस्थानाच्या ओखामंडळ भागात मिठापूरला १९२७ साली कपिलराम वकील यांनी मिठागराचा कारखाना उभारला आणि १९३९ साली तिथेच टाटा केमिकल्सची स्थापना झाली. लब्लाँने मिठापासून सोडा करण्याची जी वाट दाखवली, तिचे सुधारलेले रूप बडोद्याच्या राज्यात आले.

खार असा जवळ आला, आणि तेल? खोबरेल कोकणातून आणि दक्षिणेतून येणार, म्हणजे महाग. पण बडोद्याच्या पूर्वेला पंचमहाल, दाहोद, छोटा उदेपूर इकडे मोहाची झाडे अमाप. मोहाच्या बीला गुजरातीत डोळी म्हणतात आणि तिच्या तेलाला डोळियुं. जुनी बडोदेकर मराठी माणसे त्यालाच ‘डोळिये’ म्हणत. थंडीत ते तुपासारखे थिजते, म्हणून त्याची वडी शेंगतेलापेक्षा कठीण होते. चरबीचे पुष्कळसे काम ते करते. शहरातल्या याद्यांत ते ‘अखाद्य तेल’ म्हणून नोंदले जाते, पण डोंगराळ भागातले आदिवासी त्यात स्वयंपाकही करतात, हे विसरू नये.

खोबरेलाची जागा घेणारे झाडही गुजरातेत आहे: पिलू. कच्छ, काठेवाड आणि उत्तर गुजरातच्या खारट, कोरड्या जमिनीत ते वाढते. ज्याच्या काड्या दातवणाला वापरतात, त्याच कुळातले. पिलूच्या बियांच्या तेलात लॉरिक आणि मिरिस्टिक ही आखूड साखळीची मेदाम्ले भरपूर असतात, म्हणून ते खोबरेलासारखा फेस देते. दिसायला, वासाला, जमिनीला खोबरेलाशी काही नाते नाही, पण साबणाच्या कढईत त्याचे खरे भावकीचे माणूस हेच. शेजारच्या दुकानात मिळते म्हणून शेंगतेल खोबरेलाच्या जागी बसत नाही. वाळवंटातले पिलू बसते.

अशा रानातल्या तेलांचा व्यवस्थित विचार झाला तो वर्ध्याला. डिसेंबर १९३४मध्ये गांधीजींच्या पुढाकाराने अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि मगनवाडीत त्याचे काम सुरू झाले. जे. सी. कुमारप्पा त्याचे चिटणीस होते. तेलघाणीत सुधारणा करणे हा तिथला मोठा उद्योग. स्वातंत्र्यानंतर १९५७ साली खादी आणि ग्रामोद्योग आयोग आला आणि अखाद्य तेले व साबण हा त्याच्या कार्यक्रमांपैकी एक झाला. त्यामागचा विचार साधा आहे. कडुनिंबाखाली लिंबोळ्या कुजून जातात, करंज आणि मोहाच्या बिया पडून राहतात. त्या वेचणाऱ्याला पावसाळ्याच्या तोंडावर, हाताला दुसरे काम नसताना, चार पैसे मिळतील. आणि जेवढा साबण या तेलांचा होईल, तेवढे शेंगदाण्याचे, तिळाचे, खोबऱ्याचे तेल माणसांच्या जेवणासाठी उरेल.

मराठीला ही तेले नवी नव्हती. खोबरेल, एरंडेल, करंजेल, उंडेल असे एकेका तेलाला एकेक शब्द आपण करून ठेवले आहेत. कोकणात उंडीचे तेल दिव्याला वापरत, करंजेल खरजेला लावत. साबणात मात्र त्यांनी त्रास दिला. लिंबोळीच्या तेलाला उग्र दर्प, करंजेल काळपट. हा दोष घालवायला जुनीच युक्ती कामी आली: साबण शिजल्यावर मीठ घालून तो वर काढणे. रंग आणि वास यांचा बराच भाग खालच्या पाण्याबरोबर निघून जातो. आणि एकच तेल न घेता, दर्पाचे तेल थोडे, मोहाचे अधिक, फेसासाठी थोडे खोबरेल किंवा पिलू, अशी वाटणी करावी लागते.

चरबीचा प्रश्न पुन्हा एकदा उसळला तो १९८३ साली. वनस्पती तुपात गाईच्या चरबीची भेसळ झाल्याच्या बातम्यांनी देश हादरला. साबणासाठी परदेशातून येणारी चरबी खाण्याच्या तुपात पोहोचत होती. सरकारने गाईच्या चरबीच्या आयातीवर बंदी घातली. आमच्यातल्या वडीलधाऱ्यांना तो काळ आठवतो. लग्नाच्या पंगतीत जिलबी कशात तळली असे पाहुणे विचारू लागले होते. साबण कारखानदारांना चरबीच्या जागी पामचे घट्ट तेल, भाताच्या कोंड्याचे तेल असे पर्याय वाढवावे लागले. एका वस्तूची चरबी दुसऱ्या वस्तूत गुपचूप गेली, तर लोकांचा विश्वास कसा उडतो, ते त्या वर्षाने शिकवले. तेल बदलण्यात दोष नव्हता. न सांगता बदलण्यात होता. ताट आणि मोरी यांचा जुना प्रश्नही मिटलेला नाही. आज आपला देश लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून अधिक बाहेरून आणतो.

हे सगळे वाचून झाल्यावर आम्ही पुन्हा आजींच्या वहीकडे वळलो. मंडळाचे एक नव्वदीला टेकलेले सभासद आहेत. त्यांनी लहानपणी वडिलांकडून मोडी शिकली, कारण वडील संस्थानाच्या कचेरीत होते आणि घरातला हिशेब मोडीतच चाले. त्यांच्यापुढे ते पान धरले. त्यांनी चष्मा पुसला, बोट ठेवून हळूहळू वाचले आणि हसू लागले. समासातल्या ओळी वाण्याच्या हिशेबाच्या नव्हत्या. आजींच्या यजमानांनी लिहिले होते, की इकडे खोबरेल महाग पडते. एक शेर डोळिये घेतल्यास कॉस्टिक १०॥ तोळे पुरे, पण फेस कमी. त्याखाली आणखी एक ओळ: पाऊण शेर डोळिये, पाव शेर खोबरेल, कॉस्टिक ११। तोळे, हा चांगला.

आम्ही कागदावर ताळा केला. ६० तोळे मोहाच्या तेलाला सुमारे ८.२ तोळे, २० तोळे खोबरेलाला ३.७; बेरीज ११.९ आणि त्यातून पाच टक्के वजा केले की सव्वाअकरा. कारकुनी करणाऱ्या त्या गृहस्थांना लॉरिक आम्ल ठाऊक असण्याचे कारण नाही. त्यांनी कोणाला विचारले असेल किंवा दोन-चार घाणी बिघडवल्या असतील. पण आकडा बरोबर आहे. ज्या अडचणीत आम्ही सापडलो तीच अडचण त्या घराने बडोद्यात आल्यावर सोडवली होती आणि उत्तरही लिहून ठेवले होते. ते आमच्या हातात असताना आम्ही हात भाजून घेतले, कारण लिपी येत नव्हती आणि विचारण्याची तसदी घेतली नाही.

कोणाला घरी करून पाहायचे असेल त्यांच्यासाठी थोडक्यात. कॉस्टिक वजन करूनच घ्यावा, चमच्याने नव्हे; तुंबलेली मोरी उघडण्याची पूड साबणाला घेऊ नये. स्टीलचे किंवा जाड प्लास्टिकचे भांडे घ्यावे, अ‍ॅल्युमिनियमचे मुळीच नाही. नेहमी पाण्यात कॉस्टिक घालावा, कॉस्टिकवर पाणी ओतू नये, ते उसळते. हातमोजे आणि चष्मा घालावा, मुलांना दूर ठेवावे, खिडकी उघडी ठेवावी. कॉस्टिकचे पाणी आणि तेल दोन्ही कोमट झाल्यावर ते पाणी तेलात सोडून, मिश्रण दाट होऊन पळीची रेघ वर उमटेपर्यंत ढवळावे. साच्यात ओतून दोन दिवसांनी वड्या कापाव्यात आणि निदान चार आठवडे मुरू द्याव्यात. तेल बदलायचे असेल तर प्रत्येक तेलाचा कॉस्टिक वेगळा काढून बेरीज करावी आणि तीतून पाच टक्के वजा करावे. कृतीतले एकच माप बदलून कधीही चालत नाही.

आम्ही श्रावणाआधी छोटा उदेपूरच्या बाजूने मोहाचे तेल मागवले आणि समासातल्या दुसऱ्या ओळीप्रमाणे वड्या केल्या. रंग पिवळसर, वास जरा रानटी, फेस बेताचा, पण वडी कठीण आणि हाताला मऊ. फिनॉल्फ्थॅलिनच्या थेंबाने गुलाबी छटा जेमतेम आली. यंदा गौरींच्या हळदीकुंकवाला तीच वडी वाण म्हणून देत आहोत. प्रत्येक वडीबरोबर एक चिठ्ठी आहे: कोणते तेल किती, कॉस्टिक किती. बाळबोधीत आणि गुजरातीत, दोन्ही.

शेवटी एक विनंती. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी अशा वह्या असतील. मुख्य मजकूर वाचता आला म्हणून वही वाचून झाली असे समजू नका. समास पाहा. आणि मोडी वाचणारे कोणी अजून आपल्यात आहेत तोवर, उत्सवाच्या दहा दिवसांत केव्हाही, ती वही मंडळात घेऊन या.